भोंगेमास्तरांची एकवीस मिनिटं

भोंगेमास्तरांना घड्याळ लागत नसे. कपबश्यांच्या त्या कारखान्यात सहाला उठण्याचा, सातला कामाचा, बाराला जेवणाचा आणि चारला सुटीचा असे चार भोंगे व्हायचे, आणि चारही भोंग्यांची साखळी गेली एकतीस वर्षं ओढली ती या एकाच माणसाने. कारखान्याच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली, त्यांची खोली. खोलीत एक स्टूल, छतातून लोंबणारी साखळी आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. मास्तर स्टुलावर बसत ते घड्याळाकडे पाठ करून. वेळ झाली की मानेच्या मागे, नेमक्या दोन मणक्यांच्या मधे, काहीतरी हलायचं. मग ते उठायचे आणि साखळी ओढायचे. नवीन आलेले साहेबलोक हा चमत्कार बघायला मुद्दाम येत, मनगटावरच्या घड्याळात बघत आणि 'वा!' म्हणून जात. ती मनगटावरची घड्याळंही आदल्या दिवशीच्या भोंग्यावर लावलेली असत, ही गोष्ट वेगळी.

बाकीचं शरीरही त्याच वळणाचं. पावणेदहाला एक जांभई, तीही एकच. बाराला पाच कमी असताना पोटात कावळे ओरडायला लागत. संध्याकाळी साडेसातला शिंक. "माझं लग्न माणसाशी नाही, वेळापत्रकाशी लावून दिलंय," असं त्यांची बायको शेजारणींना सांगायची. पण शिंक ऐकली की दूध उतरवायला स्वयंपाकघरात पळायची, म्हणजे वेळापत्रकाचा फायदा तिलाही होताच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा दोनच माणसांना ठाऊक होती. भोंग्याच्या खोलीतलं ते मोठं घड्याळ नऊ वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, उद्या कळवू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आपलं काय अडलंय? महिना गेल्यावर कळवायची सोयच राहिली नाही, कारण साहेबांनी विचारलं असतं, "मग महिनाभर काय बघून वाजवत होता?" कोणी बघायला येणार असलं की मास्तर आधी काटे हाताने फिरवून ठेवत, म्हणजे ते घड्याळच मास्तरांना वेळ विचारून घेई. मास्तरांच्या आधीचा भोंगेवाला फक्त चार मिनिटं चुकला होता. त्याला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं होतं, आणि त्याची टोपी मागाहून पाठवली होती.

हे गुपित माहीत असलेला दुसरा माणूस म्हणजे मास्तरांचा बालमित्र घड्याळजी. त्याच्या दुकानात एकच घड्याळ असं होतं, जे तो भोंग्यावर नाही, तर रेडिओच्या ठोक्यांवर लावायचा. रविवारी कारखाना बंद. सकाळी उठल्याबरोबर मास्तर त्याच्या दुकानी जायचे, डोळे मिटून वेळ सांगायचे, आणि घड्याळजी त्या घड्याळाशी ताडून बघायचा. अर्ध्या मिनिटाच्या वर फरक कधी पडला नव्हता. मग दोघं चहा प्यायचे आणि मास्तर छाती पुढे काढून घरी यायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कारखान्यातल्या कपांचे कान वाकडे व्हायला लागले.

कान लावायच्या खात्यात चाळीस बायका बसत. त्यांचे हात थरथरत होते. बश्या हातातून सुटत होत्या, पुरुषमाणसं नळावर भांडत होती, कोणाला पित्त, कोणाला धडधड. कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होती ती मास्तरांचीच मुलगी. सरळ बोलणारी. तिने थोरल्या साहेबांना लिहून दिलं, की लोकांना आजार काही नाही, त्यांची झोप पुरत नाही. थोरले साहेब हसले. म्हणाले, "बाई, झोप देणं कारखान्याच्या हातात नाही. पण विश्रांती देणं आहे." आणि त्यांनी एक विश्रांतितज्ज्ञ बोलावून घेतले.

या तज्ज्ञांचं नाव पहिल्या दिवसापासून 'सैलसाहेब' पडलं, कारण त्यांचं सगळंच सैल होतं: कपडे, चाल, आवाज. एक वाक्य संपवायला त्यांना इतका वेळ लागे, की ऐकणारा मधे दोनदा श्वास घेई. "माणसाच्या शरीराला... स्वतःची लय असते," ते म्हणाले. "नाडीची लय, भुकेची लय, झोपेची लय. बाहेरच्या घड्याळांनी ती बिघडवली आहे. खोल शिथिल झालात... की ती आपोआप परत येते."

जेवणानंतर अर्धा तास जेवणघराची बाकं भिंतीला लावून चटया अंथरल्या जाऊ लागल्या. दीडशे माणसं पाठीवर पडायची. सैलसाहेब मधे फिरत म्हणायचे, "उजवी टाच... सैल सोडा. डावी टाच... सैल सोडा." गुडघ्यापर्यंत येईतो निम्मं जेवणघर घोरत असायचं. त्याला सैलसाहेब 'गाढ शिथिलतेचा ध्वनी' म्हणत. मास्तरांच्या मुलीवर काम आलं ते मोजमापाचं: रोज सगळ्यांची नाडी बघायची, किती झोपलात ते विचारायचं, आणि सगळं एका वहीत लिहायचं.

मास्तरांनी सुरुवातीला पाय मागे घेतला. "मी सैल पडलो तर साखळी कोण ओढणार?" पण थोरल्या साहेबांनी हुकूमच काढला. मग मास्तर चटईवर आडवे झाले. टाच सोडा म्हटल्यावर त्यांना कळेना, टाच धरली होती कधी? पण चौथ्या दिवशी काय झालं देव जाणे. सैलसाहेब "मानेचा मागचा भाग..." म्हणाले, आणि दोन मणक्यांच्या मधे एकतीस वर्षं जे ताठ बसलं होतं ते हळूच खाली बसलं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण इतके दमलेले आहोत हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना झोप लागायला लागली, आणि झोप म्हणजे कशी, बायकोने सकाळी उठून नाकापुढे बोट धरून बघावं अशी. अन्नाला चव आली. साडेसातची शिंक कधी पावणेआठला यायची, कधी यायचीच नाही, आणि दोनदा दूध उतू गेलं. "जाऊ दे," बायको म्हणाली. "तुमचा चेहरा माणसासारखा दिसायला लागलाय, त्यापुढे दुधाचं काय?" सकाळी जाग आली की खिडकीतलं ऊन भिंतीवर जरा खाली उतरलेलं दिसायचं. दिवस मोठा होत असेल, असं दोघांनी ठरवलं. मास्तर उठायचे, तोंड धुवायचे, टाकीखाली जायचे, आणि मानेमागे हललं की साखळी ओढायचे. मानेमागे आता ते घाईने हलत नव्हतं, एवढंच. दुपारची गोष्ट मात्र वेगळी. भूक काही सैल पडायला तयार नव्हती. पोटाने वर्गात नाव घातलेलंच नव्हतं. त्यामुळे बाराचा आणि चारचा भोंगा होता तसाच ठोक्याला होत राहिला.

पाच आठवड्यांत कारखान्याचा नूर पालटला. कपांचे कान सरळ झाले. फुटतूट निम्म्यावर आली. नळावरची भांडणं बंद झाली. वहीतल्या नाड्या संथ झाल्या. थोरले साहेब सैलसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून कारखानाभर हिंडले. फक्त मुलीला एक गोष्ट खटकत होती. फाटकावरचा पहारेकरी फाटक सोडून वर्गाला कधी आला नव्हता. हेडक्लार्क रोज काहीतरी निमित्त काढून वर्ग चुकवत होता. आणि त्या दोघांची नाडी बाकीच्यांइतकीच सुधारली होती. तिने सैलसाहेबांना वही दाखवली. ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "शिथिलता... पसरते." हे वाक्य त्यांनी आपल्या अहवालातही घातलं.

हे सगळं चालू होतं तेव्हा घड्याळजी बहिणीकडे गेला होता. आधी ठरलं होतं आठ दिवसांचं, राहिला महिनाभर. त्यामुळे रविवारचा खेळ बंद होता. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मास्तर दुकानी गेले, बाकावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "सात."

घड्याळजीने घड्याळाची काच पुसून पुन्हा बघितलं.

"काय रे? सात वाजलेत ना?"

"सात एकवीस."

मास्तरांनी डोळे उघडले. "तुझं घड्याळ बिघडलंय."

"आत्ता रेडिओचे ठोके ऐकून लावलंय." घड्याळजीने टेबलावरची सात-आठ घड्याळं पुढे सरकवली. "आणि हे बघ. आल्यापासून निम्मं गाव घड्याळं घेऊन येतंय. म्हणतात, घड्याळ रात्रीचं पळतं आणि दिवसाचं रेंगाळतं. असला आजार मी जन्मात पाहिला नाही. एकजण म्हणतो, रेडिओवाले सकाळच्या बातम्या लवकर उरकतात. एक म्हणतो, सकाळची गाडी वेळेआधी सुटायला लागली. गाडी उशिरा येते हे ऐकलं होतं बाबा, वेळेआधी सुटते हे नवलच! मास्तर, खरं सांग, सकाळचा भोंगा तू कशावर वाजवतोस?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. शिथिलीकरणाचा खराखुरा परिणाम त्या कारखान्यात एकाच माणसावर झाला होता, आणि नेमका त्याच माणसावर गावाचा दिवस उजाडत होता. आधीचा भोंगेवाला चार मिनिटांसाठी गेला होता. मास्तरांची एकवीस झाली होती, तीही रोज. "एकतीस वर्षांची अब्रू गेली रे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी चहाला नको म्हणाले.

घड्याळजीकडचं गजराचं घड्याळ खिशात घालून ते घरी आले. सोमवारी त्यांनी सहाच्या ठोक्याला साखळी ओढली. चूक सुधारली म्हणून त्यांना हायसं वाटलं, ते दहा वाजेपर्यंत. दहाला बश्यांची एक अख्खी चळत खाली आली. अकराला नळावर दोघांची जुंपली. दवाखान्याबाहेर रांग लागली. त्यातून दुसऱ्या दिवशी शिथिलतेच्या यशाचा समारंभ होता, त्याची तयारी म्हणून जेवणघर अडलेलं होतं आणि वर्ग रद्द झाला होता.

संध्याकाळी मुलगी वही घेऊन बापासमोर बसली. "बाबा, आज सगळ्यांच्या नाड्या पळतायत. शनिवारपर्यंत ठीक होतं. आज असं काय वेगळं झालं?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बायको आत होती. मग त्यांनी मुलीला सगळं सांगितलं: बंद घड्याळ, मानेमागचं हलणं, एकवीस मिनिटं. मुलगी रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती वहीची पानं उलटत राहिली आणि एकदम हसायला लागली. "म्हणजे पहारेकऱ्याला शिथिलता पसरून नाही लागली. तो एकवीस मिनिटं जास्त झोपला! बाबा, मी पहिल्या दिवशी हेच तर लिहून दिलं होतं."

"हसतेस काय? माझी नोकरी जाईल."

मुलीचं हसू थांबलं. "बाबा, उद्याच्या समारंभात काय जाहीर होणारे माहितीये? सैलसाहेबांचं गणित आहे, अर्धा तास शिथिलता म्हणजे दोन तासांची झोप. थोरल्या साहेबांनी हिशेब केला, की कामगारांकडे दीड तास झोप शिल्लक पडतेय. सोमवारपासून पहिला भोंगा साडेपाचला, कामाचा साडेसहाला."

मास्तरांनी वही मिटून ठेवली. गप्प राहिलं तर झाकली मूठ होती. बोललं तर नोकरीही जाणार होती आणि नावही. पण कान लावणाऱ्या बायकांचे थरथरणारे हात त्यांनी सकाळीच पाहिले होते. लोकांना मिळालेली एवढीशी झोप आपल्या चुकीने मिळाली, आणि आता आपल्याच चुकीच्या जोरावर त्याहून जास्त काढून घेणार, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या रात्री एकही अवयव सैल पडला नाही.

मंगळवारी सातचा भोंगा करून ते जेवणघरात आले. दीडशे माणसं बाकांवर डुलक्या घेत होती. पाठीमागे घड्याळजी आपलं ते रेडिओचं घड्याळ काखोटीला मारून उभा होता. साक्ष द्यायला मास्तरांनीच बोलावलं होतं. थोरल्या साहेबांचं भाषण झालं. साडेपाचच्या भोंग्याची घोषणा झाली. टाळ्या सैलसाहेबांनी वाजवल्या. मग 'सर्वांत शिथिल कर्मचारी' म्हणून भोंगेमास्तरांचं नाव पुकारलं गेलं.

मास्तर वर गेले. पुढे केलेली कपबशी त्यांनी घेतली नाही. "साहेब, आधी ऐका," ते म्हणाले. "भोंग्याच्या खोलीतलं घड्याळ नऊ वर्षं बंद आहे. मी अंदाजाने वाजवतो. गेले पाच आठवडे सकाळचा भोंगा एकवीस मिनिटं उशिरा होत होता. लोक सुधारले ते शिथिल होऊन नाही, जास्त झोपून सुधारले. काल मी वेळेवर वाजवला आणि काल सगळं परत बिघडलं. मला काढून टाका, पण भोंगा साडेपाचला नका करू."

कोणीतरी खुसकन हसलं आणि दीडशे माणसं हसायला लागली. भोंगा चुकतो? सूर्य चुकला म्हणालात तर एकवेळ मानू!

थोरले साहेबही हसले. "मास्तर, भोंगा चुकला असता तर आमच्या घड्याळांत दिसलं नसतं?"

"ती भोंग्यावरच लावता तुम्ही! याचं घड्याळ बघा, हे रेडिओवर लावलेलं आहे."

घड्याळजी पुढे आला. थोरल्या साहेबांनी आपलं मनगट त्याच्या घड्याळाशेजारी धरलं. दोन्हींत सात वाजून चोवीस मिनिटं झाली होती. सेकंदाचा फरक नव्हता. मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. कालपासून त्यांनी प्रामाणिकपणे भोंगा वेळेवर केला होता, गावाने प्रामाणिकपणे घड्याळं त्यावर लावली होती, आणि सुधारलेल्या चुकीचा पुरावा राहत नाही.

मुलगी वही घेऊन उठली. "साहेब, कालच्या नाड्या बघा."

"काल... वर्ग नव्हता," सैलसाहेब म्हणाले. "एक दिवस चुकला... तर ही अवस्था. वर्ग दोन वेळा हवा." मग त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "खूप खोल गेलात. याला कालभ्रम म्हणतात. फार थोड्यांना लाभतो."

आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मास्तरांनी त्या दिवशी जवळून पाहिलं. त्यांच्या हातात कपबशी कोंबली गेली. थोरल्या साहेबांनी जाता जाता सांगितलं, "आणि घड्याळ खरंच बंद असेल तर दुरुस्त करून घ्या. उगाच बोभाटा नको." मास्तरांना संताप आला आणि रडूही आलं. एकतीस वर्षं बंद खोलीत बसून ते बोलले त्यावर गाव उठलं-बसलं, आणि तोंड उघडून एकदा खरं बोलले तर लोक हसले.

शनिवारी चारच्या भोंग्यानंतर घड्याळजी टाकीखालच्या खोलीत आला. शिडीवर चढून त्याने ते मोठं घड्याळ उघडलं, नऊ वर्षांची धूळ फुंकली, तेल घातलं, चावी दिली. घड्याळ टिकटिक करायला लागलं. मास्तर खिडकीशी उभे होते. बाहेर कान लावणाऱ्या बायकांपैकी एकजण फाटकाशेजारच्या ओट्यावर बसल्या बसल्या झोपली होती. दुसरी तिच्या मांडीवरचा डबा धरून थांबली होती, तो पडू नये म्हणून.

"बोल," शिडीवरून घड्याळजी म्हणाला. "किती वाजले म्हणून लावू?"

मास्तरांची नजर ओट्यावरच होती. "एक्कावन्न मिनिटं मागे लाव."

घड्याळजीने खाली वाकून मित्राकडे पाहिलं. "म्हणजे याच्यात साडेपाच वाजतील तेव्हा..."

"सहा एकवीस. लोकांची झोप होते तेव्हा. कोणी तपासायला आलं तर बघू दे घड्याळ. आता चालू आहे."

"आणि बाराचा? चारचा?"

"ते माझं पोट बघेल. त्याचा अंदाज अजून शाबूत आहे. दुपारी काटे हाताने पुढे घेईन, रात्री परत मागे, ती सवय आहेच."

"गावाची घड्याळं रात्री पळणार आणि दिवसा रेंगाळणार, मास्तर. सगळी माझ्याकडे येणार."

"मग तू कर की दुरुस्त. पुसून परत दे. गावातली सगळी घड्याळं एकसारखी असली की कोण कोणाला खोटं म्हणतंय?"

घड्याळजीने मान हलवली, काटे फिरवले आणि काच लावली.

सोमवारी मास्तरांना जाग आली तेव्हा बाहेर नीट उजाडलंही नव्हतं. भिंतीवर ऊन नव्हतं. ते टाकीखाली गेले, स्टुलावर बसले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घड्याळाकडे तोंड केलं. सहाच्या ठोक्याला मानेमागे, दोन मणक्यांच्या मधे, ते हललं, पूर्वीसारखंच ताठ आणि घाईचं. त्यांची सैल पडलेली लय परत जागच्या जागी आली होती. मास्तरांना वाईट वाटलं. ती महिनाभराची झोप फार गोड होती. मानेला ते म्हणाले, थांब जरा. साखळीला हात लावून ते बसून राहिले. समोरच्या वसाहतीत एकही दिवा लागला नव्हता, एकही नळ वाहत नव्हता. कोणाचं पोर खोकलं आणि परत झोपी गेलं. एकवीस मिनिटं सगळं गाव झोपलं होतं आणि मास्तर एकटे त्याच्यासाठी जागे होते. मग घड्याळात साडेपाच वाजले आणि त्यांनी साखळी ओढली.

थोरले साहेब खिडकीत आले, त्यांनी मनगटावरचं घड्याळ भोंग्यावर लावलं आणि डोंगरावर आलेल्या उन्हाकडे पाहून चकित झाले. साडेपाचलाच एवढं उजाडतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सैलसाहेबांनी अहवालात आणखी एक ओळ घातली, की शिथिलतेचा परिणाम आता निसर्गाच्या लयीवरही दिसू लागला आहे. त्या दिवशी कपांचे कान सरळ लागले.

पावणेदहाला मास्तरांना जांभई आली. मग लगेच दुसरीही आली.